होऊन राह्यलं

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही.

तो पुण्याचा, कॉम्प्युटरमधला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण आमच्याकडे त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. जवाईबुवाच म्हणतात. आणि एकदा जवाई म्हटलं की त्याला कुणी वाकडं बोलत नाही, हेही त्याला नीट ठाऊक आहे. पहिल्या दिवाळीला तो मारेगावकडच्या आमच्या घरी आला तेव्हा माय चुलीपाशी होती. म्हणाली, "बसा बुवा, मी भाकरी करून राह्यली." तर हा म्हणतो, "करून कुठे राहिलात आई? भाड्यानं की स्वतःचं?" सगळे हसले. मीही हसले. हे लिहिताना माझी मलाच चीड येते, पण मी हसले होते. त्या दिवसापासून तो विनोद आमच्या घरी मुक्कामालाच आला. कुणी जेवून राह्यलं, कुणी निघून राह्यलं, की जवाई विचारणार, कुठे राहिलात? बारा वर्षं एकच विनोद. दुसरा करण्याइतकीही त्याची कुवत नाही.

मी यवतमाळच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गात पुस्तकातली मराठी, घरी वऱ्हाडी, असं दोन्ही मला सहज जमतं. जवाई आला की मी घरातही वर्गातली मराठी बोलू लागले. कटकट नको म्हणून. माय काय करत होती, हे मात्र मी तेव्हा पाहिलं नाही.

माय भारी बोलकी. कापूस वेचता वेचता बोलायची, तूर निवडताना बोलायची, शेतात रानडुकरं शिरली तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मी सुट्टीत गेले की फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो तिच्याजवळ ठेवून द्यायची. तिला कळायचंही नाही, किंवा कळत असेल, पण तिनं कधी हटकलं नाही. असे कितीतरी तास माझ्याकडे साठले. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता काही येत नाही. मी तिला यवतमाळला माझ्याकडे आणलं.

मग रोज दुपारी चहा झाला की मी तिला तिचंच बोलणं लावून देऊ लागले. फोन डाव्या हातात धरून ती ऐकायची. ओठ हलायचे. एखाद्या जागी मधेच डोळे मिटून हसायची. दिवसभरात ती हसायची ती तेवढीच. डॉक्टरांनी जे व्यायाम सांगितले होते ते ती रडत करायची, पण हे ऐकायला मात्र स्वतःहून सरळ होऊन बसायची.

ते सगळं बोलणं एका डब्यात होतं. चपलेच्या खोक्याएवढा काळा डबा, आत दोन डिस्क. जवाईनं एका दिवाळीला भेट दिला आणि घरातल्या वायफायला जोडून दिला. फोनमधलं सगळं त्यात आपोआप जाऊन पडतं, आणि घरात कुठूनही ऐकता येतं. "दोन्ही डिस्कवर तेच असतं ताई. एक गेली तरी दुसरी आहे. फोनमधलं पुसून टाका, जागा मोकळी होईल." मी पुसून टाकलं. त्यातला जाणकार तो होता ना.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा फोन आला. डब्यातल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, पुण्याहूनच सुरू करतोय, तुम्ही फक्त स्क्रीनवर काय दिसतं ते सांगा. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात मायला भरवायची वाटी. मी मायशी बोलत होते, म्हणजे वऱ्हाडीत. समोर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक निळी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे सरकली होती.

"ताई, झालं का अपग्रेड?"

"होऊन राह्यलं," मी म्हटलं.

"राहिलं? तरी वाटलंच. अडकलं असणार. पॉवर काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा."

मी वाटी खाली ठेवली आणि प्लग काढला.

आमच्याकडे होऊन राह्यलं म्हणजे होत आहे, चालू आहे, जरा धीर धरा. त्याच्याकडे राहिलं म्हणजे व्हायचं राहून गेलं. बारा वर्षं ज्या शब्दाची टिंगल केली, त्याचा अर्थ काय हे त्या माणसानं एकदाही विचारलं नव्हतं. आणि मी? चालू मशीनचा प्लग काढू नये हे मी पोरांना प्रयोगशाळेत ओरडून ओरडून सांगितलेलं. ती मी, पुण्याहून आवाज आला म्हणून उठले आणि काढला. माझा अर्धा राग माझ्यावरच आहे. पण तो मी त्याच्याच खात्यात टाकते, मला त्याची लाज नाही.

डबा परत सुरू झालाच नाही. पुढचा निळा दिवा लुकलुक करायचा आणि करतच राहायचा. पाच मिनिटं, वीस मिनिटं, दोन तास. मी मागचं बारीक बटन टाचणीनं दाबून धरलं. वायर बदलली. वायफायचं यंत्र बंद करून परत चालू केलं. नंतर दोन्ही डिस्क बाहेर काढून नुसता रिकामा डबा लावला, तेव्हा तो बीप बीप करून शांत झाला आणि दिवा स्थिर झाला. म्हणजे डबा ठीक होता. अर्धवट लिहिली गेलेली नवी आवृत्ती त्या डिस्कवर होती, आणि मायचं बोलणंही त्याच डिस्कवर.

मी जवाईला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नशीब ताई, महत्त्वाचं काही नव्हतं त्यात. आवाजच होते ना?"

मी बरं म्हणून फोन ठेवला. जवाई ना तो. पण त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाला मी रडवीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा झाल्यावर मायनं डावा हात पुढे केला. मी सांगितलं, "बिघडलं वं माय, दुरुस्त करून राह्यली मी." तिनं मान हलवली. तिसऱ्या दिवशी परत हात पुढे केला. चौथ्या दिवशी तिनं चहाच घेतला नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिली. व्यायामाला उठवलं तर अंग सैल सोडून द्यायची. आठवड्याभरात ती इतकी उतरली की मला तिच्या खोलीत जायची भीती वाटू लागली. बोलणं एकदा गेलंच होतं, आता ते माझ्या हातानं दुसऱ्यांदा गेलं, हे मला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसायचं.

त्या आठवड्यात मी मनातल्या मनात जवाईचं काय काय केलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं एवढंच की दरवर्षी आमच्या शेतातल्या तुरीची डाळ पुण्याला जाते, ती मी बंद करून टाकली. आंबाडीची सुकी भाजी, लाल तिखट, सगळं बंद. बहिणीनं विचारलं तर सांगितलं, यंदा काही झालंच नाही. नंतर तिला खरी गोष्ट कळली तेव्हा तिनं नवऱ्याशी बोलणं सोडलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

जवाई मात्र फोनवर उपाय सांगतच होता. डिस्क परत घाला, कॉम्प्युटरवर डब्याचं पान उघडा, तिथे 'नव्यानं सुरुवात' येईल, ते दाबा. मी पान उघडलं. खरंच तसं बटन होतं. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. मी त्याला वाचून दाखवलं.

"ते तसं लिहितातच ताई. दाबा तुम्ही, काही होत नाही."

त्याचं मी एकदा ऐकलं होतं. कॉम्प्युटर बंद केला, दोन्ही डिस्क जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यांत वेगवेगळ्या बांधल्या. एक कपाटात कुलूप लावून ठेवली, दुसरी पिशवीत घेतली आणि ऑटो करून लोहाऱ्याला गेले.

तिथे एमआयडीसीत एक माझ्याच वयाचा माणूस कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं बरंच सामान त्यानंच वर्षानुवर्षं जिवंत ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं, प्लगचंही. तो हसला नाही. विचारलं, "काहून काढला प्लग, बाई?"

"जवाईनं सांगतलं."

"मंग काय करता." त्यानं पिशवीतली डिस्क काढली, उलटसुलट पाहिली. "दुसरी कुठी हाये?"

"घरी. कपाटात."

"हे बेस केलं. तिले हात लावू नका कोनी."

त्याची रीत साधी होती. डबा दुरुस्त करायच्या भानगडीत तो पडलाच नाही. डिस्क आपल्या जुन्या कॉम्प्युटरला लावली, ती फक्त वाचता येईल, तिच्यावर काही लिहिता येणार नाही, असं करून घेतलं, आणि आतलं दुसऱ्या नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. दोन दिवस लागले. मी दोन्ही दिवस त्याच्या दुकानात स्टुलावर बसून होते. बाहेर रस्त्यानं कापसाच्या गाड्या जात होत्या, आत तो बायकोशी फोनवर बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत होता, आणि मी स्क्रीनवरचे आकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं एक फाईल उघडली आणि स्पीकरमधून माय बोलली. रानडुकरांच्या आईबापाबद्दल बोलत होती. तो माणूस हातातलं काम सोडून ऐकत बसला. मी पदर तोंडावर धरून ढसाढसा रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी मी मायच्या हातात फोन दिला. तिनं तो कानाला लावला, आणि मग गालाला लावून धरला. रात्री पोटभर जेवली.

आता जवाई. त्याला मी कळवलंच नाही. रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा, "ताई, काही झालं का?" मी रोज एकच उत्तर पाठवायची, "होऊन राह्यलं." त्याला ते नीट लागावं म्हणून आणखी काही लिहायची नाही. सात दिवस झाले, आठ दिवस झाले. त्याच्या घरात बायको बोलेना, सासूच्या जिवाचं काय होईल ते कळेना. शेवटी तो स्वतःच आला. पुण्याहून बस धरून, हातात नव्या डिस्कचं खोकं घेऊन, एकटा. दाढी वाढलेली.

मी त्याला पाणी दिलं आणि मायसमोर बसवलं.

या आठ दिवसांत मी रिकामी बसले नव्हते. सगळं बोलणं पहिल्यापासून ऐकत होते, एका वेळी एक फाईल. त्यातल्या एकीत माय आणि मी अंगणात तूर निवडत होतो. तिकडे शेजारी कुणीतरी भांडत होतं म्हणून मी तेव्हा तिचं बोलणं नीट ऐकलंच नव्हतं. ती फाईल मी वेगळी काढून ठेवली होती.

जवाई म्हणाला, "आई, चुकलं माझं." माय त्याच्याकडे पाहत राहिली. मी फोनवर ती फाईल लावली आणि फोन तिच्या मांडीवर ठेवला. खोलीत तिचा आवाज मोठ्यानं आला.

"मी जवाईसमोर बोलतच नाही वं आता. तोंड उघडलं का हासते थो. वाईट नाही मानसानं, पन हासते. पुन्याले गेलती नं तं पंधरा दिस मुकीच बसली होती मी. पोरगी म्हने, माय, बरं नाही का तुले? म्या म्हनलं, बरं हाये. कायले सांगू? मनात लय बोलनं येये, तोंडात आलं का गिळून टाको. असं वाटे, देवानं तोंड दिलं कायले."

जवाईनं हातातलं खोकं खाली ठेवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, मला या वेळी आनंद होईल. झालाही. पण त्याच वेळी हे कळत होतं की ती गिळून टाकायची तेव्हा मीही त्याच घरात होते, शुद्ध मराठीत बोलत. तो उठायला लागला.

मायनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं. मग तोच हात फोनवर नेला, बोटानं स्क्रीनवरची रेघ मागे सरकवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी चहा ठेवायला आत गेले.