पडद्याआडचे हात

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मग जरा वेळाने राग येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण घरच्या नातवंडांना आजोबांची एकच केस पुन्हा पुन्हा ऐकायची असते. ज्या केसमध्ये आजोबांनी गणवेशात उभं राहून बांगडीचं माप दिलं, ती.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्याआधी मी उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनच्या बाजारपेठेत होतो. तिथे जीन्सचे गठ्ठे चोरीला जायचे आणि चोरापेक्षा फिर्यादीच जास्त खोटं बोलायचा. बदलापूरला फौजदार म्हणून बदली झाली तेव्हा बायकोने देवापुढे साखर ठेवली. गाव लहान, माणसं ओळखीची, हजेरी झाली की चहा आणि चहा झाला की हद्दीत एक फेरी, असं काही महिने बरं चाललं. मग त्या काळात सगळीकडेच हवा गढूळ झाली आणि तिचा एक झोत आमच्या बाजारातही शिरला.

एके सकाळी बाजारातला बांगडीवाला मणियार ठाण्यात आला. त्याच्या आज्यापासूनचं बांगड्यांचं दुकान. अख्ख्या पंचक्रोशीतल्या नववधूंचे हिरवे चुडे याच घरातल्या माणसांनी भरलेले. बायका त्याला मामा म्हणायच्या, कारण बांगडी माहेरची आणि बांगडी भरणाराही माहेरचाच. गडी मुसलमान, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि तोंड असं की ठाणे अंमलदाराने नाव विचारलं तर त्याने अंमलदाराच्या आजीच्या मनगटाचं माप सांगितलं. त्याच्या हातात भिंतीवरून ओरबाडून काढलेलं पत्रक होतं. त्याला चिकटून भिंतीचा चुनाही आला होता. ‘यांच्या दुकानात जाऊ नका, आपला पैसा आपल्याच माणसाला’ असा मजकूर. आणि खाली हाताने लिहिलेलं, ‘गाळा खाली कर, नाहीतर आम्ही करू.’

“दुसऱ्यांदा चिकटवलंय साहेब,” तो म्हणाला. “आता गाळ्याचा मालक पण बोलतोय, बाबा, तुझ्यापायी माझी भिंत खराब होते.”

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली. धमकीचा गुन्हा अदखलपात्र, तपासाला न्यायालयाची परवानगी लागते. ती मागितली आणि मिळवली. बाजारातल्या मंडळींना बोलावून समज दिली. सगळे म्हणाले, “साहेब, आम्ही तर भावासारखे राहतो.” त्यात सर्वांत मोठ्याने म्हणाले ते कटलरीवाले शेठ. यांचं दुकान मणियाराच्या समोरच. कंगवे, पावडर, टिकल्या विकून ते मोठे झाले होते आणि आता त्यांना पुढारी व्हायचं होतं. धंदाही वाढावा आणि ‘आपला माणूस’ म्हणून नावही व्हावं, यासाठी त्यांनी दुकानात नुकताच बांगड्यांचा विभाग उघडला होता. माझा संशय त्यांच्यावरच होता, पण पत्रक चिकटवताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि संशयाला कोर्टात कोणी खुर्ची देत नाही.

थोड्याच दिवसांत मणियाराच्या गाळ्याला कुलूप लागलं. पाठोपाठ तो स्वतःच ठाण्यात आला आणि म्हणाला, “तक्रार मागे घ्यायचीय.”

“का?”

“नोकरी लागली.”

“कुठे?”

“लागली साहेब.”

तेवढंच. बोलका माणूस गप्प झाला की पोलिसाने खुर्ची पुढे ओढावी, असं मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. मी ओढली, पण तो हलला नाही. जाताना दारात थांबून इतकंच म्हणाला की भिवंडीला मेव्हण्याने खोली बघून ठेवली आहे, पोरांच्या परीक्षा झाल्या की बिऱ्हाड हलवणार. तीन पिढ्यांचा माणूस गाव सोडून चालला होता आणि माझ्याकडे त्याला थांबवायला एक चुना लागलेला कागद होता.

मग खबर आली. आमचा खबरी नाक्यावर उसाचा रस काढायचा. तो सांगत आला, “साहेब, कटलरीवाल्याच्या मागच्या दाराने रोज सकाळी एक इसम आत जातो. डोक्यावर टॉवेल, खांद्यावर पोतं. दिवसभर बाहेर येत नाही. आणि पोतं वाजतं.”

“वाजतं म्हणजे?”

“खळखळ वाजतं.”

आमचे हवालदार ताडकन उठले. “काडतुसं!” त्या दिवसांत कोणाच्या पिशवीत डबा वाजला तरी आम्ही माणसं पांगवायचो, त्यामुळे मी त्यांना हसलो नाही. शेठ आणि काडतुसं यांचा मेळ मात्र माझ्या डोक्यात बसेना. दिवाळीत लवंगी फुटली तरी शेठ कानात बोटं घालायचे.

तेवढ्यात आमच्या ठाण्यातली एकुलती एक महिला शिपाई रजेचा अर्ज घेऊन समोर आली. राहायला अंबरनाथला, वडील कारखान्यात, तिचं लग्न ठरलेलं. अर्ज पुढे करताना तिचे हात खळखळले. दोन्ही मनगटांत कोऱ्या हिरव्या बांगड्या, हाताला घट्ट बसलेल्या, आणि हातावर एक ओरखडा नाही. माझी बायको आदल्याच आठवड्यात गावाबाहेरच्या एका दुकानातून बांगड्या भरून आली होती, तेव्हा आमच्या घरी आयोडीनची बाटली काढावी लागली होती.

“कुठे भरल्यास गं?”

ती जमिनीकडे बघू लागली. “शेठच्या दुकानात, साहेब.”

“शेठ भरतात?”

“नाही, पडदा भरतो.”

हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. तिने खुलासा केला. दुकानाच्या आतल्या बाजूला एक जाड पडदा लावला आहे. त्याला छातीच्या उंचीवर दोन भोकं. बाईने त्यातून हात आत घालायचे, आतून कोणीतरी बांगड्या भरतं. कोण भरतं ते दिसत नाही, आणि पडद्याने बोलायचं नाही असा शेठचा नियम आहे.

“मग बोलतो का?”

“न बोलून राहवत नाही त्यांना,” ती हसू दाबत म्हणाली. “मला हळूच विचारलं, सासू खाष्ट आहे का म्हणून.”

खरं तर तिथेच माझा तपास संपला होता. पण पुराव्याशिवाय तपास संपत नाही. दोन पंच बरोबर घेतले, महिला शिपायाला साध्या वेषात पुढे पाठवलं आणि आम्ही तिच्यामागोमाग दुकानात शिरलो.

दुकानात लग्नसराईची गर्दी. मांजर्लीकडून एका नवरीला घेऊन वऱ्हाडच आलं होतं. आजी, मावश्या, आत्या, करवल्या. शेठ पडद्यासमोर स्टुलावर बसले होते. बांगड्या भरून झाल्या की बाईने भरणाऱ्याला नमस्कार करायचा ही आपल्याकडची रीत. आता भरणारा दिसत नाही म्हटल्यावर बायका पडद्याकडे बघून हात जोडत, आणि मध्ये बसलेले शेठ तो नमस्कार स्वतःच घेत होते. मला पाहून त्यांचा आशीर्वादाचा हात अर्ध्यातच राहिला.

“आत कोण आहे?” मी विचारलं.

“आतेबहीण, साहेब. पडदा पाळते.”

“तुमच्याकडे कधीपासून पडदा पाळतात?”

“तिला राजस्थानात दिलीय ना! सवय लागली बघा. आणि हा सगळा लेडीज मामला आहे, तुम्ही जरा बाहेर...”

मी पुढे झालो, शर्टाची बाही वर केली आणि माझा केसाळ हात घड्याळासकट त्या भोकात घातला. दुकानात चिडीचूप झालं. आतून दोन बोटांनी माझं मनगट धरलं, अंगठ्याखालचा मांसल भाग जरा दाबून पाहिला. मग बोटं थांबली. आणि पडदा अगदी हळू आवाजात म्हणाला, “साहेब, हा पावणेतीनच्या मापाचा हात. इतका मोठा माल ठेवत नाय आपण.”

बायकांमध्ये जो हशा उठला तो समोरच्या बंद गाळ्यापर्यंत गेला असेल. हसत नव्हते ते फक्त शेठ आणि आमचे हवालदार. हवालदार पडद्याखालून ओढून काढलेल्या त्या वाजणाऱ्या पोत्यात हात घालून बसले होते आणि त्यांच्या हाताला पेंढा आणि काचेच्या बांगड्यांशिवाय काही लागत नव्हतं.

मी मागच्या बाजूने पडद्याआड गेलो. मणियार एका खोक्यावर बसला होता. भोवती दोऱ्यात बांधलेले बांगड्यांचे तोडे, कोपऱ्यात जेवणाचा डबा. मी त्याला म्हटलं, “चल, जबाब दे. यानेच तुझं दुकान बंद पाडलं ना?”

त्याने हात जोडले. “नको साहेब. त्यांना भरता येत नाय. पहिल्याच दिवशी तीन बायांचे हात कापले. मग मला बोलले, तक्रार मागे घे, मागे बसून भर, तोंड दाखवू नको. मी बसलो. इथं निदान काम तरी आहे. माझ्या नावाची पाटी परत लागली तर गिऱ्हाईक कुठून येणार? पत्रक सगळ्यांनी वाचलंय.”

“पण मग बोलत का होतास?”

“बाईचा हात घट्ट असतो साहेब. बोलण्यात गुंतवल्याशिवाय सैल पडत नाय. मुकाट्याने भरलं तर काच लागते.”

मी काही बोलणार इतक्यात पडद्याच्या पलीकडून नवरीच्या आजीचा आवाज आला. म्हातारी शेतावर राबलेली, आवाज खणखणीत.

“ए मामा, भायेर ये. माझे नातीनं नमस्कार काय फडक्याला करायचा?”

मणियार माझ्याकडे बघत राहिला. “त्यांना माहीत आहे?”

महिला शिपाई पडदा बाजूला करून आत डोकावली. “सगळ्यांना माहीत आहे मामा. पहिल्या दिवसापासून. बायका दुकानात येऊन विचारतात, पडदा आलाय का आज?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही पत्रकं काढली पुरुषांनी, वाचली पुरुषांनी, आणि बहिष्कार पाळला तोही पुरुषांनी. ज्यांनी जन्मात स्वतःसाठी एक बांगडी घेतली नाही त्यांनी बांगड्यांवर बहिष्कार टाकला होता. बायकांना कोणी विचारलंच नव्हतं; गाळ्याला कुलूप लागल्यावर त्या मुकाट्याने पडद्यामागच्या मामाकडे गेल्या.

मणियार बाहेर आला. पांढऱ्या शर्टावर बांगड्यांची चमकी सांडली होती. म्हातारीने नातीला पुढे ढकललं. नवरी वाकली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी शेठकडे वळलो.

“पत्रकं कोणी चिकटवली?”

“मला काय माहीत साहेब? देवाशपथ...”

“देवाला कशाला मध्ये आणता?” गल्ल्यामागून बाईचा आवाज आला. शेठाणी. तिच्याही हातात मामांनीच भरलेल्या बांगड्या होत्या. “खळ माझ्याकडून शिजवून घेतली, पातेलंभर. दोनदा. म्हणाले पोरांना पतंग करायचेत. मी म्हटलं, चैत्रात पतंग? तर म्हणे तू गप्प बस. पातेलं अजून निघत नाहीये घासून.”

शेठ खाली बसले. स्टुलावर बसायचे होते, पण स्टूल कोणीतरी नवरीच्या आजीला दिलं होतं, त्यामुळे जमिनीवर बसले.

पुढचा तपास सोपा होता. साक्षीदार मिळत नाहीत ही पोलिसांची जुनी रड. त्या दिवशी उलटं झालं. बायका ठाण्यात रांग लावून जबाब द्यायला आल्या आणि शेठबद्दल सांगता सांगता आपापल्या नवऱ्यांबद्दलही बरंच सांगून गेल्या. आमच्या कारकुनाने अखेर लेखणी खाली ठेवली. खळीच्या पातेल्याचा पंचनामा झाला. शेठाणीने त्याची पोच मागितली, कारण पातेलं माहेरचं होतं. पातेलं पाहिल्यावर शेठनी सगळं कबूल केलं, हाताने लिहिलेली धमकीची ओळसुद्धा. धमकीचा खटला कोर्टात गेला आणि शेठना दंड झाला. शिवाय चॅप्टर केस करून त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला. गाळ्याच्या मालकाला बोलावलं, तर तो म्हणाला, माझं काहीच म्हणणं नव्हतं, फक्त भिंतीचं होतं. कुलूप निघालं. मणियाराने पाटी नवी रंगवून घेतली, आधीपेक्षा मोठी. पहिल्या दिवशी इतकी गर्दी झाली की आम्हाला तिथे बंदोबस्त लावावा लागला.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. पुढे कुठल्याही शांतता समितीच्या बैठकीत कोणी अमक्याच्या दुकानात जाऊ नका म्हणायला उठला की मी त्याला आधी विचारायचो, तुम्ही तिथून शेवटचं काय घेतलं होतं? बहुतेक जण खाली बसायचे. दुसरीही एक गोष्ट कळली, ती सांगायला तितकी सोपी नाही. शेठना त्या माणसाचा तिटकारा नव्हता. त्याच्या हातांवाचून त्यांचं चालत नव्हतं. त्यांना फक्त तो माणूस नको होता. कोणी कोणाला उघड शिवी देतो त्याचा राग येतोच, पण मला त्या भोकांचा जास्त आला. कलम लावायला गेलं तर पडद्याला भोक पाडणं हा कुठल्याच पुस्तकात गुन्हा नाही.

माझी बदली झाली तेव्हा मणियाराचा निरोप घ्यायला गेलो. दुकान भरलेलं होतं, तोंडाचा पट्टा चालू होता. मी म्हटलं, “आता झालं ना सगळं ठीक? भिवंडीचं काढून टाक डोक्यातून.”

त्याने एका सासुरवाशिणीचा हात हलकेच सोडला आणि माझ्याकडे बघितलं. “जात नाय कुठं साहेब. इथंच राहणार. पण मेव्हण्याला सांगून ठेवलंय, खोली सोडू नको.”

दुकान उघडून देणं माझ्या हातात होतं, ते मी केलं. ती खोली सोडायला लावणं मात्र गावाच्या हातात होतं.