तीन भाषांच्या कोंबड्या

हेलनबाई कोंबड्यांना दोन भाषांत हाक मारायच्या. इथे आखातात, सनदमधल्या आमच्या घरामागच्या अंगणात आधी "पिपिपिपि" म्हणून चार दाणे टाकायच्या आणि मग जरा थांबून "पुट्य, पुट्य, पुट्य." वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना मला ते ऐकू यायचं. वाटायचं, बाई एकटी राहून राहून जराशी सरकलेली दिसतेय! शेवटी एकदा विचारलंच.

"पहिली हाक स्लोव्हाक, दुसरी चेक," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "एकाच भाषेत बोलावलं तर दुसऱ्यांना राग येतो."

"कोंबड्यांना?"

"माणसांना गं! कोंबड्यांचं काय, दाणे दिसले की झालं."

हेलनबाई माझ्या मुलीच्या, रियाच्या शाळेत संगीत शिकवायच्या आणि आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. आमचं बोलणं इंग्रजीतच, पण त्यांच्या इंग्रजीत खलास म्हणजे संपलं, यल्ला म्हणजे चला, असं इथलं अरबी मुरलेलं. त्या अमेरिकन. मी वसईची, इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. मला आपलं वाटायचं, अमेरिका म्हणजे उंच इमारती. पण ह्यांचं गाव निघालं फ्लोरिडातलं, शेतकऱ्यांचं. "शेतकऱ्यांचं" म्हटलं की त्या हसायच्या आणि त्यांचं ठरलेलं वाक्य टाकायच्या, "आमच्या गावात शेती कुणालाच येत नव्हती, म्हणून तर गाव वसलं."

गोष्ट अशी. त्यांचे आजी-आजोबा आणि त्यांच्यासारखी बरीच स्लोव्हाक आणि चेक कुटुंबं समुद्र ओलांडून अमेरिकेत आली आणि उत्तरेकडच्या खाणींत, गिरण्यांत खपायला लागली. एक दिवस त्यांच्याच भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात आली की दक्षिणेत जमीन आहे, ऊन आहे, संत्री पिकतात. ह्यांनी न बघता जमिनी घेतल्या! जाऊन बघतात तर वाळू आणि झुडपं. तरी साफ केली, संत्र्यांची रोपं लावली. झाडं फळाला येतायत तोवर एका रात्री हिव पडलं. सकाळी अख्खी बाग काळी.

"सगळे म्हणाले, खलास," हेलनबाई सांगायच्या. "माझी आजी म्हणाली, यल्ला! कोंबड्या आणा."

आणि खरंच, ते गाव अंड्यांवर उभं राहिलं. लोकांनी आपल्या हातांनी मोठा हॉल बांधला, त्यात नाच, नाटकं, लग्नं. मग पाटी कुठल्या भाषेत लावायची ह्यावरून जोरदार भांडण. मी ऐकतच राहायची. मी वाडीत जन्मलेली. आमच्याकडे केळी आणि पानवेली पिढ्यान्‌पिढ्या, तरी एका वर्षी केळीवर रोग पडला तर घरात सुतक असल्यासारखं वाटायचं. आणि ही कोळशाच्या खाणीतली माणसं, परक्या वाळूत, एकदा सगळं गेल्यावर पुन्हा उभी राहिली!

दर शुक्रवारी मी वसईला आईला व्हिडिओ कॉल लावते. आईला इंग्रजी येत नाही. रियाला मराठी समजतं, पण आईची बोली कळत नाही आणि उत्तर इंग्रजीतच येतं. आई विचारते, "जेवलीस?" रिया म्हणते, "येस आजी." मग दोघी एकमेकींकडे बघून हसतात. संपलं. एका शुक्रवारी हेलनबाई आमच्याकडे चहाला होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"म्हातारपणी आजीचं इंग्रजी गळून गेलं," त्या हळूच म्हणाल्या. "उरली फक्त स्लोव्हाक. घर माणसांनी भरलेलं आणि तिचं बोलणं एकालाही कळेना. शाळेत हसतील म्हणून आईनं आम्हाला शिकवलीच नव्हती ना. आजी तासन्‌तास बोलायची आणि आम्ही नुसत्या माना डोलवायचो. एकदा मला काही सुचेना, म्हणून मी म्हटलं, पिपिपिपि."

"मग?"

"आजीनं लगेच एप्रनचं टोक धरलं आणि नसलेले दाणे टाकायला लागली. हसत होती गं, इतकी हसत होती. तेवढ्या एका शब्दात मला माझी आजी भेटली."

आईही आता थकलीय. गुडघ्यांमुळे तिनं मागच्या वर्षी कोंबड्या देऊन टाकल्या. ह्या दोघी अशाच हसत राहणार आणि एक दिवस समोरचं माणूसच नसणार, ह्या विचारानं मला रडू आलं.

यंदा हेलनबाई रिटायर झाल्या, व्हिसा संपला. निघायच्या दिवशी त्यांनी रियाला खाली बोलावून दाण्यांचा डबा तिच्या हातात दिला. "ह्या आता तुझ्या. ह्यांना दोन भाषा येतात. तिसरी तुझ्या आजीकडून शिक." मला मिठी मारली, म्हणाल्या, "यल्ला," आणि टॅक्सीत बसल्या. मागे वळून पाहिलं नाही.

त्या शुक्रवारी रियानं माझा फोन उचलला आणि थेट अंगणात गेली. मी मागोमाग. जरा अडखळली, मग म्हणाली, "आजी, कोंबडी... ये... कसं बोलायचं?"

आईला क्षणभर कळेना. मग तिच्या तोंडावर असं काही आलं, काय सांगू! वसईच्या स्वयंपाकघरातून तिनं खणखणीत आवाज दिला, "ती ती ती ती! या गं, या!"

रियानं मूठ उघडली आणि कोंबड्या तुरुतुरु धावत फोनपाशी आल्या. दाण्यांसाठी आल्या, मला काय कळत नाही? पण रिया ओरडली, "आजी, आल्या! सगळ्या आल्या!"

फोनवर आई दिसत होती. तिनं पदराचं टोक धरलं होतं आणि तिकडे वसईत, फरशीवर, ती दाणे टाकत होती.