नाकेदारकाकांची झडती

नाकेदारकाकांचा कशावरही विश्वास नव्हता. दुधावर नव्हता, भिंतीवरच्या घड्याळावर नव्हता, कॅलेंडरात छापलेल्या तिथीवरही नव्हता. पाहुणा दारात आला की हा नेमका कशासाठी आला असावा याचा त्यांना छडा लागेपर्यंत त्याला चहा मिळत नसे. यात उद्धटपणा नव्हता बरं का. माणूस सहज येतो, हेच मुळी त्यांना खरं वाटत नसे. नोकरीच तशी केलेली. कामठी रोडच्या जकात नाक्यावर त्यांची उभी हयात गेली. ट्रक आला की ड्रायव्हरच्या सांगण्यावर ते कधी गेले नाहीत. टोकदार लोखंडी सळई घेऊन स्वतः वर चढायचे आणि पोत्यात खुपसून बाहेर काय येतं ते बघायचे. वर तांदूळ अन् खाली सुपारी असले प्रकार त्यांनी इतके पाहिले होते की रिटायर झाल्यावरही त्यांची नजर माणसाच्या खालच्या थराकडेच जायची.

ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वयाने बरेच मोठे. बाबांचं इतवारीत कापडाचं दुकान होतं. कापड हाताला लागताच बाबा त्याची जात सांगत, पण माणसं पारखायचं काम त्यांनी काकांवर सोपवलेलं होतं. जावई असो की भाडेकरू, "दादाले दाखवून घेऊ" हे ठरलेलं. काकांनी नाक मुरडलं की विषय संपला.

त्या वर्षी मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाले होते आणि मला एम.ए. करायचं होतं. त्याच सुमारास सावनेरच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यांचं स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला होता, हीच तर अडचण होती. नावं ठेवायला कुठे जागाच नव्हती. आईला सावनेरचं स्थळ हवं होतं, बाबा अधांतरी. अशात मला कळलं की धरमपेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात मे महिन्यात तत्त्वचिंतन सप्ताह भरणार आहे, बाहेरगावचे विद्वान येणार आहेत, रोज सकाळी व्याख्यान आणि चर्चा. मी जायचा हट्ट धरला. बाबांनी तोड काढली. "दादा तुझ्यासोबत येतीन. आठवडाभर पाहतीन, तिथं काय चालते अन् तुले त्यातलं काय समजते. मग ते म्हणतीन तसं करू. एम.ए. म्हणाले तं एम.ए., सावनेर म्हणाले तं सावनेर." झालं. माझं पुढचं सगळं आयुष्य झडतीसाठी नाक्यावर उभं राहिलं.

पहिल्या दिवशी काका डोक्याला दुपट्टा बांधून, उष्ण वाऱ्याची लू लागू नये म्हणून खिशात कांदा घेऊन निघाले. सभागृहाच्या दारावर वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी मारलेलं होतं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पन्ह्याचा ग्लास दिला जात होता. काकांनी ग्लास घेतला नाही.

"फुकट काहून पाजून राहिले?"

"उन्हाचं असते काका," स्वयंसेवक म्हणाला.

"उन्हाचं तं मलेही समजते. पण पाजून कोण राहिलं?"

एका तेलगिरणीच्या मालकांकडून पन्हं येतं असं कळलं, तेव्हा काकांनी त्या मालकांवर पाळत ठेवली. या माणसाला तत्त्वज्ञानात काय विकायचं आहे ते त्यांना शोधायचं होतं. मालक रोज पहिल्या रांगेत बसत आणि दहा मिनिटांत मान टाकत. चौथ्या दिवशी काकांनी मला हळूच सांगितलं, "बिचारा झोपाले येते. इथं थंडावा आहे ना. तेवढा एक माणूस सरळ आहे." त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पन्हं घेतलं.

ते माझ्याशेजारी बसत नसत. वक्ता, दार आणि मी, तिघंही दिसतील अशी मागच्या कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी धरली होती. त्यांची नजर माझ्या मानेला टोचायची. अमरावतीच्या एका मुलाने मला पेन मागितलं, तर चहाच्या सुट्टीत काका हजर. "कोण होता तो?" मी म्हटलं, त्याच्याजवळ पेन नव्हतं. "पेन नसलेला माणूस सात दिवसांच्या व्याख्यानाले कशाले येते?" दोन दिवसांत मलाच काकांचा संशय येऊ लागला. हे सप्ताह बघायला आलेतच कुठे, माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायला आलेत, असं मला वाटायचं. सावनेरवाल्यांशी यांचं आधीच बोलणं झालं असेल का, असाही विचार मनात येऊन गेला.

मुख्य वक्ते पुण्याकडचे एक वयस्कर पंडित होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विषय घेतला आत्म्याचा, आणि आत्मा नाही हे सकाळभर असं काही मांडलं की लोक लिहायचं थांबून ऐकत राहिले. शरीर गेलं की सगळं गेलं, मागे काही उरत नाही, श्राद्धाचं जेवण जेवणाऱ्याच्याच पोटात जातं. एकाही मुद्द्याला फट ठेवली नाही. परतताना सायकलरिक्षात काका धुमसत होते. "म्हातारा कपाळाले गंध लावते, पण आत माल दुसराच आहे. वसंताले सांगाच लागते." वसंता म्हणजे माझे बाबा. मी हातापाया पडून त्यांना म्हटलं, उद्याचं ऐका, मग सांगा.

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी कालचा एकेक मुद्दा घेतला आणि खोडून काढला. आत्मा आहे, हे तितक्याच ठामपणे सिद्ध केलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, चला, सुटलो. कसलं काय! काकांचा चेहरा आणखीच काळवंडला. "काल एक, आज एक. मधल्या वेळात कोणी तरी भेटला याले." मी अडवेपर्यंत ते थेट व्यासपीठापाशी पोहोचले होते.

"गुरुजी, तुम्ही काल खोटं बोलले का आज?"

आजूबाजूचे प्राध्यापक वळून बघायला लागले. मला भुई फाटेल तर बरं असं झालं. गुरुजी मात्र रागावले नाहीत. त्यांनी काकांना खुर्ची दिली.

"कालची बाजू माझी नव्हती, माझ्या विरोधकाची होती," ते म्हणाले. "आमच्याकडे तशी रीतच आहे. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तो स्वतः इथे असता तर त्याने मान डोलावली असती, इतकं चांगलं मांडायचं. मग आपलं उत्तर द्यायचं."

"त्याचा माल तुम्ही आपल्या तोंडानं पुरा सांगता?"

"पुरा."

"लपवत काही नाही?"

"लपवलं तर माझ्या उत्तराला काय अर्थ?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "अन् काल एखादा ऐकून घरी निघून गेला असन, आज आलाच नसन तं?"

गुरुजी हसले. "त्याला मी काय करणार?"

"तुम्ही चुकून राहिले," काका म्हणाले. "त्याले जाऊ द्याले नाही पाहिजे."

त्या दिवसानंतर काकांनी वक्त्यांचा पिच्छा सोडला आणि पूर्ण लक्ष माझ्याकडे वळवलं. चर्चेत बाकीची पोरं हमरीतुमरीवर यायची, मी मान खाली घालून लिहीत राहायची. सहाव्या दिवशी त्यांनी विचारलंच, "तू काहून काही विचारत नाही?" मी म्हटलं, इतकी माणसं असतात. काका नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" मला अजिबात आवडलं नाही.

सप्ताह संपला त्या संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत निकाल लागायचा होता. बाबा आणि काका दिवाणावर, आई आतल्या दाराशी, तिच्यामागे मी. बाबांनी विचारलं, "मग दादा?"

काकांनी घसा साफ केला. "पोट्टीले एम.ए.ले पाठवू नये. सात दिवसांत हिनं एकदा हात वर केला नाही. भरल्या सभेत जिले तोंड उघडता येत नाही, तिनं तत्त्वज्ञान शिकून काय करायचं? दुसरं, हिले तत्त्वज्ञान पाहिजे का फक्त सावनेर नको आहे, हे तिले तरी ठाऊक आहे का? मले नाही वाटत. तिसरं, पोरगा चांगला आहे. चांगला पोरगा कोणी दोन वर्षं राखून ठेवत नाही."

दुसरा मुद्दा तर मी माझ्या मनाशीसुद्धा कधी बोलले नव्हते, तो या माणसाने सळई खुपसून बाहेर काढला होता. बाबा उठले. "झालं तं मग. उद्याच सावनेरले निरोप धाडतो."

"बस वसंता," काका म्हणाले. "ही एक बाजू झाली."

"मग दुसरी सांगा."

"मी काहून सांगू? तिची बाजू तिनं मांडावी. तिले नाही जमलं तं सावनेर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काकांचा एवढा संताप आला होता की त्या भरात मी आईला बाजूला सारून पुढे आले. "बाबा, काका बोलले ते सगळं खरं आहे," मी म्हटलं. "हात वर करायचं मले भेव वाटत होतं. सावनेर नको आहे, हेही खरं आहे. पण गुरुजींनी आत्मा नाही म्हणून सांगितलं त्या दिवशी मले जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मले त्या उत्तरात खोट दिसली. ती खोट माझ्या डोक्यातून जात नाही. सावनेरले गेली, तं ती मी कोणाजवळ बोलू? अन् कोणाजवळ बोललीच नाही, तं ती बरोबर होती का माझीच चूक होती, हे मले जन्मभर कसं कळन?"

एवढं सलग मी बाबांसमोर कधीच बोलले नव्हते. बाबा उभेच होते, ते हळूच खाली बसले. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते.

"कॉलेज जुलैत सुरू होते ना?" बाबांनी विचारलं. "पाहू." आमच्या घरी बाबांचं 'पाहू' म्हणजे होकार असे.

काकांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. विचारलं, "पटलं ना काका?"

"मले नाही पटलं."

"मग गप्प काहून बसले?"

"पटायचं होतं ते तुझ्या बापाले."

मी एम.ए. झाले, कॉलेजात शिकवायला लागले. काका माझ्या बाजूने होते की विरुद्ध, हे कोडं मात्र सुटेना. घरच्यांनी आपापसात एक छान कहाणी ठरवून टाकली होती: काकांचं आधीपासून एम.ए.च ठरलेलं होतं, पोरीने तोंड उघडावं म्हणून त्यांनी ते नाटक रचलं. मीही ही कहाणी चार लोकांत ऐटीत सांगायची. मनातून तिच्यावर विश्वास बसत नसे. काकांना विचारलं की ते विषय बदलत.

ते शेवटचे आजारी पडले तेव्हा प्रताप नगरला मुलाकडे होते. मी भेटायला गेले. अंगात ताकद नव्हती, पण डॉक्टरने दिलेली गोळी उलटसुलट करून बघणं चालूच होतं. मी पुन्हा विचारलं, "काका, ते नाटकच होतं ना?"

"नाही वं," ते म्हणाले. "सात दिवस पाहून मी तुले सावनेरलेच धाडायचं ठरवलं होतं. बोललो ते सगळं मले खरं वाटत होतं. दुसरी बाजू ऐकायची असते असं त्या म्हाताऱ्यानं सांगितलं, म्हणून ऐकली." धाप लागली म्हणून ते थांबले. "तू बोलली, अन् मग मले माझंच बोलणं खोटं वाटाले लागलं. फाटकापाशी तसं सांगायची लाज वाटली."

मला रडू आवरेना. त्याच आठवड्यात काका गेले. त्यानंतरही मी पुष्कळ वर्षं शिकवलं, परिषदांमधून बोलले, टाळ्या मिळवल्या. पण माझं ऐकून ज्याने आपलं मत खरोखर बदललं, असा दुसरा माणूस मला अजून आठवत नाही.