बकरीने पास केलेली बाग

"पुढच्या मे महिन्यात मंत्री येणार. तोवर बाग फुलली नाही, तर तुम्हाला मुदतवाढ नाही," साहेब म्हणाले.

मी तेव्हा सरकारी बांधकाम खात्यात हंगामी गार्डन सुपरवायझर होतो. घरात कमावणारा मी एकटाच. सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. एकोडीच्या वाटेवर खात्याचं नवं रेस्ट हाऊस होतं, त्याचं उद्घाटन मंत्री करणार होते. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी कावळाही उडत नाही. पण गुलाबांनी मात्र फुलावं, असं साहेबांचं मत होतं. साहेब पुण्याचे.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्वतः पसंत केलेले गुलाब आणि फर्न नागपूरहून मागवले होते. अर्धे उन्हाने करपले. उरलेले पार्बताबाईच्या बकरीने खाल्ले, कारण आवाराला कुंपण नव्हतं. कुंपणाची फाईल वरच्या ऑफिसात हवा खात पडली होती.

पार्बताबाई आवारामागेच राहायची. मी तावातावाने तिच्याकडे गेलो.

"माह्या बकरीले काहून बोलता, बाबूजी?" ती म्हणाली. "गुलाब तुमी लावले. म्या लावले काय?"

"बांधून ठेवा ना तिला."

"बांधून ठेवीन तं चारा कोन आनून देईन? तुमचा सायब?"

मी परत फिरलो. वाटेत मात्र डोकं चालायला लागलं. ऊन माझ्या हातात नव्हतं, कुंपण नव्हतं, साहेब तर नव्हतेच. मग उन्हात तगेल आणि बकरी खाणार नाही, तेच लावायचं.

गावोगावी फिरून मी रोपं आणि कटिंग जमवली. कटिंग म्हणजे फांदीचा तुकडा. मातीत खोचला की मुळं धरतो. एकेक आणून बकरीपुढे धरलं. जास्वंद तिने देठासकट संपवली, म्हणजे नापास. चाफ्याचा चीक नाकाला लागताच ती शिंकली. सदाफुली हुंगून सोडली. घायपाताच्या काट्यांना तोंडच लावलं नाही. कण्हेर विषारी, म्हणून ती मी लांबूनच दाखवली.

"दाखवू नका, तिले समजते," पार्बताबाई म्हणाली. "कन्हेरीखाली झोपते, पन पान नाही तोडत."

पावसाळ्यात सगळं लावलं. थंडीपासून पाणी हळूहळू कमी केलं. रोज पाणी मिळालं की मुळं वरच लोळतात. कमी मिळालं की ओल शोधत खोल जातात आणि झाड उन्हाळ्याला तयार होतं.

एप्रिलमध्ये साहेब पाहणीला आले. कण्हेर गुलाबी झाली होती.

"ही जंगली झाडं कोणी निवडली?"

"लोकल एक्स्पर्टला दाखवून घेतली, साहेब."

"क्वालिफिकेशन?"

"सगळा फील्डवरचा अनुभव आहे."

साहेबांनी नाक मुरडलं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच नागपूरहून गुलाबाच्या कुंड्यांचा ट्रक आला. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी कुंड्या मांडल्या. मग सगळे अधिकारी हार घेऊन गेटवर उभे राहिले, आणि मंत्री रिवाजाप्रमाणे उशिरा आले. मधल्या वेळात एक्स्पर्ट येऊन गेल्या.

मंत्री आले तेव्हा कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या होत्या. साहेबांचा चेहरा फर्नसारखा करपला. माझी नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो.

मंत्र्यांनी पायऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते कण्हेर, चाफा आणि सदाफुली बघत थांबले.

"एवढ्या उन्हात हे कसं काय जमवलंत?"

"सर, निवड मी स्वतः केली," साहेब म्हणाले.

मला मुदतवाढ मिळाली. सोबत मेमोही मिळाला: कुंड्यांची राखण का झाली नाही? मी कुंपणाच्या फाईलकडे बोट दाखवलं आणि विषय तिथेच मिटला.

वर्षभरात साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, बागेत एक फेरी मारली आणि म्हणाले, "इथे गुलाब का नाहीत?"

मी लगेच मागवले. बकरी तिथेच होती.