मासळीच्या पेटीतली ट्यूब

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नौपाड्यात बायकांच्या एका दवाखान्यात काम करायचे. एड्सपासून बचाव व्हावा म्हणून बायकांनी संबंधाआधी आत लावायचं जेल आमच्याकडे चाचणीसाठी आलं होतं. त्याने रोग अडतो का, हे अजून सिद्ध व्हायचं होतं. बायका ते लावतील का, नवरे खपवून घेतील का, एवढंच आम्ही विचारायचो. नवऱ्यांना कशाला विचारायचं, असं मला तेव्हाही वाटायचं.

कोपरीची एक कोळीण नेमाने यायची. नवरा ट्रकवर. त्याच्याबरोबरचे दोन ड्रायव्हर झिजून झिजून गेले, तरी निरोधचं नाव काढलं की हा हात उगारायचा.

"माजी पोर लहान हाय, बाय," ती म्हणायची. "मना जगाया पायजे."

जेलची ट्यूब थंड जागी ठेवा, असं आम्ही सांगायचो. घरी फ्रिज नव्हता, म्हणून तिने ती मासळीच्या पेटीत बर्फाखाली दडवली. मासळी विकणं बायकांचं, पेटीही बायकांची. घरचा पुरुष त्या पेटीला हात लावत नसे.

एका रविवारी दुपारी त्याला दारूत टाकायला बर्फ हवा झाला. बोंबलांखालचा बर्फ त्याला चालला, ट्यूब चालली नाही. कुणासाठी लावतेस, त्याने विचारलं. तिने शेजारणींनी शिकवून ठेवलेलं उत्तर दिलं: अंगावरून पांढरं जातं, त्याचं औषध आहे. तो आणखीच भडकला. म्हणजे रोग हिलाच, आणि ही मला लावणार! बर्फ फोडायच्या दांडक्याने त्याने तिचा हात मोडला आणि सगळी ट्यूब तिच्या तोंडात पिळली.

दुसऱ्या दिवशी तिला केसांना धरून त्याने आमच्याकडे आणलं.

"हिने मला काय दिलंय ते बघा," तो म्हणाला.

"आधी तुमचं रक्त तपासू," मी म्हटलं.

त्याने टेबल माझ्या अंगावर उलथवलं आणि आयाबहिणींचा उद्धार करत निघून गेला. चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या कपाळातून रक्त येत होतं आणि मला त्याचा गळा आवळावासा वाटत होता.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हाताला फळी बांधली. ओठ इतके सुजले होते की तिला धड बोलता येत नव्हतं.

"आता हे बंद कर," मी म्हटलं. "मारून टाकेल तो तुला."

तिने दुसरा, धड हात माझ्यापुढे पसरला.

"माराची सूज उतरते, बाय. तो रोग उतरत नाय ना? मग दुसरी दे."