ठोकळ्याची पाठ

कल्पना करा, दुपारचे पावणेदोन झाले आहेत आणि सांजदैनिकाचं पहिलं पान तुम्हाला लावायचं आहे. समोर टेबलावर लोखंडी चौकट. तिच्यात शिशाचा टाइप, ओळीला ओळ खेटून, सगळी अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी. भिंतीपलीकडे छपाईयंत्र तापून तयार आहे आणि यंत्रवाला भिंतीवर पाना आपटून तुमच्या नावाने शंख करतो आहे. पानात एकच जागा रिकामी आहे, फोटोची. तुम्ही खण उघडता, ठोकळा काढता. ठोकळा म्हणजे लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा. पत्र्यावर आम्लाने कोरलेले हजारो बारीक ठिपके. शाई लागेपर्यंत ते राखाडीवर राखाडी दिसतात. चेहरा आहे एवढं कळतं, कुणाचा ते कळत नाही. म्हणून तुम्ही ठोकळा पालथा करता आणि लाकडाच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं वाचता. जे लिहिलंय तेच हवं आहे. तुम्ही ठोकळा चौकटीत बसवता.

फोरमनने हेच केलं. त्याच्या आधी तेवीस वर्षं रोज तेच केलं होतं.

हा फोरमन आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. दैनिकाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून त्याचा इतिहास लिहून काढण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी जुने अंक स्कॅन करता करता एका पानापाशी अडकलो. त्या पानावर फोटोच्या जागी कोरा कागद डकवला होता. कार्यालयात कुणी धड बोलेना. शेवटी पत्ता शोधत त्याच्याकडे गेलो. दोन खोल्यांचं घर. त्याने माझं सगळं, मी मूळचा इंजिनिअर आहे हेसुद्धा, ऐकून घेतलं, आत गेला आणि खाकी कापडात गुंडाळलेला एक ठोकळा माझ्यासमोर ठेवला.

"कागदाखाली हा होता," तो म्हणाला. "ह्याने माझ्या मेव्हण्याला मारलं. म्हणजे मी मारलं. हे मी माझ्या बायकोला कधी सांगितलं नाही. ती गेली मागच्या हिवाळ्यात. आता तुला सांगतो, आणि मग तुला एक विचारणार आहे. तू यंत्रांचं शिकलायस ना? मग तुलाच विचारायला हवं."

हे दैनिक मार खातच मोठं झालं. एका पडक्या घोडागाडीखान्यात ते सुरू झालं आणि बाराव्या वर्षी कुठल्याशा बातमीवरून जमाव आत शिरला. टाइपाची सगळी घरं, म्हणजे अक्षरांचे लाकडी खण, त्यांनी खिडकीतून रस्त्यावर ओतली, संपादकाचा हात दारात चिरडला आणि टाइप जुळवणाऱ्या ज्या म्हाताऱ्याने अडवलं त्याला त्याच्याच स्टुलाने बडवून ठार केलं. फोरमन एकोणीस वर्षांचा असताना नोकरीला आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिलं काम मिळालं रस्त्यावरचा टाइप वेचायचं. तीन आठवडे तो आणि आणखी दोघं गटाराच्या कडेला बसून एकेक अक्षर उचलत होते, धूत होते आणि घरात टाकत होते.

"काही अक्षरांना रक्त चिकटलेलं," तो म्हणाला. "शिशावर रक्त काळं पडतं. शाई समजून मी केरोसिनने पुसत होतो. निघेना, तेव्हा कळलं."

दुसरा मार यंत्राने दिला. फोरमनच्या डाव्या हाताची दोन बोटं छपाईच्या सिलेंडरखाली गेली आणि ती तिथेच राहिली. त्या दिवशीचा अंक मात्र वेळेवर निघाला. हे सांगताना तो आजही ताठ बसतो.

आता लाकडाचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. ठोकळ्याची उंची टाइपाच्या उंचीला तंतोतंत जुळावी लागते, कमी झाली तर फोटो पुसट उठतो. तसं लाकूड दुर्मीळ होतं. म्हणून छापून झालेल्या फोटोचा पत्रा उपटायचा आणि त्याच लाकडावर नवा ठोकायचा अशी पद्धत फोरमननेच घालून दिली होती. पाठीवरचं जुनं नाव रंधून काढायचं नाही, कारण रंधा मारला की उंची घटली. ठोकळे बनवणाऱ्या ब्लॉकमेकरने जुन्या नावावर फुली मारायची आणि फोरमनने खाली नवं लिहायचं. काही ठोकळ्यांच्या पाठीवर आठ-आठ नावं होती, सात फुल्यांखाली आणि एक उघडं.

त्या वर्षी नदीकाठचं गोदाम कुणीतरी पेटवलं. आतून कडी लावून झोपलेले अकरा हमाल जळून मेले. कडीवर बोटांच्या कातडीचे तुकडे चिकटले होते. दोन दिवसांनी पोलिसांनी एकाला पकडलं, दैनिकाने त्याचा फोटो छापला आणि फोरमनने ठोकळ्याच्या पाठीवर लिहिलं: गोदाम, आरोपी.

त्याच आठवड्यात बायकोचा धाकटा भाऊ छापखान्यात आला. तो शहर बससेवेत ड्रायव्हर होता. उतारावर त्याच्या बसचा ब्रेक गेला होता आणि त्याने बस भिंतीला घासत घासत थांबवून चाळीस माणसं वाचवली होती. शनिवारच्या अंकात त्याच्यावर मजकूर यायचा होता.

"भाऊजी, फोटो जरा मोठा टाका," तो म्हणाला. "ताई कापून भिंतीला लावणार आहे."

"तुझं थोबाड मोठं छापलं तर जाहिरातवाले पळून जातील."

"मग तुमचं छापा. अंकच बंद पडेल, सुट्टी मिळेल सगळ्यांना."

यंत्रवालासुद्धा हसला. फोरमनने फोटो ब्लॉकमेकरकडे दिला. ब्लॉकमेकर म्हणाला, लाकूड नाही. फोरमन म्हणाला, "कालचं एखादं उपट की. आमच्या घरचा ड्रायव्हर आहे, खाली नाही बसवायचा त्याला." संध्याकाळी तयार ठोकळा आला. शनिवारला तीन दिवस होते. पाठीवर नाव सावकाश लिहू म्हणून फोरमनने तो न उलटता खणात सारला.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता संपादक जिना उतरून धावत आला. आरोपी न्यायालयाच्या दारातून निसटला होता.

"पहिलं पान फोड! मथळा मी सांगतो. आणि फोटो तोच, परवाचा. लोकांना तोंड दिसलं पाहिजे त्याचं!"

"किती वेळ आहे?"

"वेळ नाहीच आहे!"

फोरमनने खण उघडला. ठोकळा पालथा केला. गोदाम, आरोपी. अक्षर त्याचंच, वर फुली नाही. बसवला, आवळला, हातोडीने समतल केला. तपासायला एक ओला नमुना काढला, त्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग उठला. घाईच्या नमुन्यात नेहमी तसंच उठायचं. संपादकाने मथळा वाचला आणि "सोड" म्हणाला. दोन वाजून दहा मिनिटांनी यंत्र सुटलं.

पावणेतीनला मेव्हणा पुलाजवळच्या थांब्यावर बस घेऊन आला. खाली पेपरवाला ओरडत होता. पुढच्या बाकावरच्या एका माणसाने खिडकीतून अंक घेतला. त्याचा सख्खा भाऊ गोदामात जळाला होता. त्याने पान पाहिलं, मग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात पाहिलं, मग पुन्हा पान पाहिलं. हे सगळं कंडक्टरने नंतर सांगितलं. तो माणूस उठला आणि मागून ड्रायव्हरचा गळा धरला.

पुलाजवळ हमालांचीच वस्ती होती. दोन मिनिटांत शंभर माणसं जमली. त्यांनी मेव्हण्याला केस धरून खिडकीतून ओढलं. काचेच्या कडेवर त्याचं पोट फाटलं. "अहो, मी ड्रायव्हर आहे! रोज नेतो की तुम्हाला!" असं तो ओरडत होता. "ओळखलंय तुला," कुणीतरी म्हणालं आणि त्याच्या तोंडावर बुटाची टाच बसली. मग बसचं इंजिन फिरवायचा लोखंडी दांडा कुणाच्या तरी हाती लागला. पहिल्या फटक्यात गुडघा, दुसऱ्यात जबडा. तिसऱ्यानंतर तो हलत नव्हता, तरी मारणारे थांबले नाहीत. ज्यांना हात पोचवता येत नव्हता ते रांग मोडून पुढे घुसत होते. एका बाईने पेपराचा बोळा करून त्याच्या तोंडात कोंबला.

कंडक्टर रक्ताने भरलेला अंक घेऊन थेट छापखान्यात आला. "भाऊजी, तुमच्या पेपरात ह्याचा फोटो कसा आला?"

फोरमनने पान हातात घेतलं. त्या दिवशी तो चेहरा त्याने पहिल्यांदाच सरळ पाहिला.

तो यंत्राकडे धावला. यंत्र थांबायच्या आत त्याने चौकटीत हात घातला आणि छिन्नीने ठोकळा उचकटला. उरलेल्या बोटांची सालपटं निघाली. तसाच ठोकळा घेऊन तो ब्लॉकमेकरच्या खोलीत शिरला, तोच ठोकळा त्याच्या खांद्यावर घातला आणि हाड मोडल्याचा आवाज आल्यावर दुसऱ्या खांद्यावर घातला. ब्लॉकमेकर आम्लाच्या परातीवर कोसळला, पाठ भाजली.

"फुली राहिली," तो जमिनीवरून किंचाळला. "राहिली माझी फुली! पण खणात कुणी ठेवला? नाव लिहायचं कुणाचं काम होतं? मारा, मारा अजून!"

फोरमनचा हात तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोतले सगळे ड्रायव्हर छापखान्यावर चालून आले. संपादक मागच्या दाराने निघून गेला होता. फोरमन गेला नाही. दारातच उभा राहिला.

"मला वाटलं, बरं झालं, आले," तो मला म्हणाला.

त्यांनी त्याला साखळीने मारलं. बरगड्या गेल्या, कानातून रक्त आलं. आत टाइपाची घरं उलटी होत होती, यंत्रावर पहारी पडत होत्या. चौथा की पाचवा फटका बसताना एक जाडजूड ड्रायव्हर एकदम ओरडला, "थांबा रे! अरे, हे त्याचे भाऊजी आहेत! त्याच्या ताईचे मालक!"

साखळी खाली पडली. ज्या हातांनी मारलं त्याच हातांनी त्याला उचललं. कुणी पाणी आणलं, कुणी अंगातला शर्ट काढून डोक्याला बांधला. साखळीवाला त्याचे पाय धरून रडायला लागला. "माफ करा भाऊजी. तुमच्या घरचाच माणूस गेला आणि आम्ही तुम्हालाच... कुणी छापलं ते फक्त सांगा, त्याला सोडत नाही आम्ही."

फोरमनने तोंड उघडलं. तोंडात रक्त होतं, दात होते. शब्द आला नाही. आला नाही की आणला नाही, हे त्याचं त्यालाही अजून ठरवता येत नाही.

मिरवणुकीसारखे त्याला घरी घेऊन आले. बायको दारात उभी होती. भावाचं शव आणायला निघालेली. ड्रायव्हर म्हणाले, "ताई, ह्यांनी मार खाल्ला बघा तुमच्या भावासाठी." तिने गरम पाणी केलं आणि त्याच्या जखमा धुतल्या.

दैनिक नऊ दिवस बंद राहिलं. दहाव्या दिवशी माफीच्या पाच ओळी आल्या. त्यात "अनवधानाने" असा एक शब्द होता आणि नाव कुणाचंच नव्हतं. फोरमनने त्या ओळी स्वतःच जुळवल्या. खरा आरोपी शेजारच्या गावात सापडला, त्याचा फोटो काही छापला नाही. ब्लॉकमेकर तक्रार न करता शहर सोडून गेला. पाठीवर नाव लिहिल्याशिवाय एकही ठोकळा खणात जाणार नाही आणि चेहरा नीट उठेपर्यंत नमुना मान्य होणार नाही, असा नियम फोरमनने घातला. ऑफसेट छपाई येऊन शिसं भंगारात जाईपर्यंत तो चालला.

ठोकळा त्याने घरी माळ्यावर, जुन्या कंदिलाच्या मागे लपवला. का ठेवला म्हणून मी विचारलं.

"टाकायचा कुठे? कुणाच्या तरी हाती लागला असता. पाठीवर माझं अक्षर होतं."

त्यानंतर एकोणचाळीस वर्षं बायको त्याच्याबरोबर राहिली. सकाळचा चहा दिला, डब्यात त्याला आवडतं ते घातलं, तुटलेल्या बरगड्या थंडीत दुखायच्या तेव्हा शेकल्या. भावाविषयी बोलायची, पण पेपराविषयी एक अक्षर नाही. दैनिक घरात मात्र येऊ दिलं नाही. फोरमन समजला की तिला त्रास होतो, म्हणून. रोज वाटायचं आज सांगू. रोज वाटायचं, सांगितलं की संपलं.

ती गेल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी तो माळ्यावर चढला. कंदिलामागे ठोकळा नव्हता. दोन दिवस घर उलटंपालटं केलं. शेवटी तिच्या कपाटात, तिच्या कपड्यांच्या तळाशी तो मिळाला. भावाच्या ड्रायव्हरच्या शर्टाच्या कापडात नीट गुंडाळलेला.

फोरमनने माझ्यासमोर ते कापड सोडलं. लाकडाच्या पाठीवर निळी अक्षरं जशीच्या तशी होती. मग त्याने ठोकळा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. माळ्यावर पडून राहिलेलं जस्त पांढरट, भुरकट पडतं. हे आरशासारखं लखलखत होतं. कपाळावरचे आणि गालांवरचे ठिपके झिजून सपाट झाले होते, कापडाने रोज थोडं थोडं पुसावं तसे.

"तिला वाचता येत होतं," तो म्हणाला. "माझं अक्षर तर ती झोपेतही ओळखेल. ब्लॉकमेकरने सांगितलं असेल, की हिला स्वतःलाच सापडला, ते जाऊ दे. मला एवढंच हवंय. शेवटी शेवटी कळलं असेल तर ते वेगळं. पण पहिल्यापासून माहीत असेल, तर ती मला रोज..."

त्याने वाक्य सोडून दिलं. दोन बोटं नसलेल्या हाताने ठोकळा माझ्या हातात दिला आणि माझा अंगठा धरून त्या गुळगुळीत गालावरून फिरवला.

"तू शिकलेला आहेस. नीट बघून सांग. मऊ कापडाने पुसून पुसून जस्त एवढं झिजायला किती वर्षं लागतात?"