माझ्या ठरावातलं कोरडं तळं

पंचायतीत बायकांसाठी राखीव जागा आल्या तेव्हा मी पहिल्याच फेरीत सदस्य झाले. सासर एरंडोलजवळच्या खेड्यातलं, पण माहेर धुळे शहरातलं आणि अक्षर मोत्यासारखं. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला कलेक्टरीण समजत होते. बैठकीला पर्स घेऊन जायचे. पर्समध्ये आरसा आणि बडीशेप.

गावाच्या उगवतीला मोठं तळं आहे. अर्धं पाणी, अर्धा चिखल, कडेनं पाणकणीस. तेव्हा बस फाट्यावर सोडायची आणि साडी पोटरीपर्यंत धरून तळ्याच्या काठानं घरी यावं लागायचं. माहेरच्या बायका विचारायच्या, बेडूक भाजीत घालतेस की वरणात? ते मला फार लागायचं. तळ्यावरून सरळ रस्ता नेला तर बस दारात येईल, म्हणून मी ठराव लिहिला : ‘सदर जागा वर्षातील दहा महिने कोरडी असून कोणत्याही उपयोगाची नाही.’ ‘सदर’ हा शब्द मला नवीनच सापडला होता, तो मी चार वेळा वापरला. सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं, सह्या-अंगठे केले. मजकूर कुणी वाचला नसावा. रस्ताही कुणी केला नाही.

आता महामार्ग निघालाय, आणि नकाशात तो बरोबर तळ्याच्या पोटातून जातो. माझी नात जळगावला कॉलेजात शिकते आणि सुट्टीत पक्षी मोजते. तिचं आणि तिच्यासोबतच्या मंडळींचं म्हणणं असं की ही संरक्षित पाणथळ आहे. हिवाळ्यात चक्रवाक येतात, शेकाटे येतात. भराव पडला की पाण्याच्या वाटा बुजतील आणि मग गावच्या विहिरींचंही काही खरं नाही. एक दिवस ती तणतणत घरी आली. कुणा दीडशहाण्यानं तळं कोरडं असल्याचं लिहून ठेवलंय आणि रस्तावाले तोच कागद नाचवतात, म्हणाली. मोबाईलवर त्या कागदाचा फोटो दाखवला. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावरच होता.

तिनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मी लिहिते, त्याच मोत्यासारख्या अक्षरात.

“आजी, महामार्गाच्या सुनावणीत तू स्वतः बोलली नाहीस, तर तळं गेलं समज,” एवढंच म्हणाली. मग दुर्बीण घेऊन तळ्याकडे निघून गेली.

सुनावणीला मांडव होता, कूलर होता, चहा होता. साहेब तरुण आणि नम्र. त्यांनी माझा ठराव मोठ्यानं वाचला. चार वेळा ‘सदर’ ऐकताना मला त्या पर्सवालीच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मी उठले. सांगितलं की हे मी लिहिलंय आणि खोटं लिहिलंय, बस दारात यावी म्हणून. मांडवातले लोक हसले. साहेबांनी अदबीनं विचारलं, पाणी टिकतं याला पुरावा काय?

घाबरले की माझी शहरी भाषा पळून जाते.

“भाऊ, आखाजीले आम्ही बठ्ठ्या बाया गौराई तठेच बुडावतस. सुकी जमीनमा देव बुडस का?”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन वैशाखातली; तेव्हा गावच्या साऱ्या बायका गौराई त्याच तळ्यात बुडवतात. साहेब हसले नाहीत. शेजारच्याशी काहीतरी बोलले आणि म्हणाले, ठीक आहे, आखाजीला येऊन पाणी मोजू. असेल तर रस्ता दुसरीकडून नेण्याचा विचार करू, नसेल तर आजींचा ठराव ग्राह्य.

नातीनं भर मांडवात माझा मुका घेतला. मी घरी येईपर्यंत पुढारी झाले होते. फाटकात पोचले तेव्हा मागून घरघर ऐकू आली. तळ्याच्या काठावर आमचीच मोटर चालू होती, केळीला पाणी द्यायला. तिथं आणखी सात मोटरी आहेत, सगळ्या भाऊबंदांच्या.

यंदा पाऊस तसाही बेताचा. मी मुलाला म्हटलं, आखाजीपर्यंत विहिरीवर भागव. तो पाइप नीट करत होता. मान वर न करता म्हणाला, “केयी सुकी जाई, माय. तू लिखी दे ना परत, तळं भरेल शे म्हनीसन.”

मी काठावर गेले आणि मोटर बंद केली. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटर पुन्हा चालू. मीही पुन्हा गेले. आमचं सध्या असं चाललंय. उरलेल्या सात घरीही जायचंय, पण आधी हे एक घर ऐकू दे.